धावणारे पाय आणि विद्यामंदिराचे दार

बारडोली हे नाव कानी पडताच मराठी माणसाला १९२८ साल आठवते. सरकारने वाढविलेला बावीस टक्के शेतसारा, वल्लभभाईंचे नेतृत्व, जप्तीचा अंमलदार गावाकडे निघाल्याची वर्दी देणारे ढोल, आणि अखेर चौकशीअंती सहा टक्क्यांच्या आसपास उतरलेली ती सारावाढ, हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु सुरत जिल्ह्यातील या तालुक्याला आणखीही एक इतिहास आहे. तो पुस्तकांत कमी आणि खानदेशातल्या व डांगातल्या घरांच्या आठवणींत अधिक आढळतो.

सुरतेहून निघणारा तापी खोऱ्यातला लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी स्थानके घेत भुसावळकडे जातो. १९५० नंतरच्या दशकात बारडोलीजवळ बाबेन येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि भोवतालच्या काळ्या जमिनीत ऊस डोलू लागला. तो तोडण्यासाठी दरसाल दिवाळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारकडून, नाशिकच्या डोंगरांतून आणि डांगातून मजुरांची रीघ या मुलखाकडे लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोने मिळून एक कोयता व्हायचे, उसाच्या फडाजवळ कोपी घालायची आणि उन्हाळा चढला की गावी परतायचे, असे हे जिणे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात त्याचा अभ्यास केला आणि बारडोलीच्या साखरेमागची ही कडू बाजू जगापुढे मांडली.

या कोप्यांत वाढणारी मुले आणि दूर पल्ल्याच्या शर्यती यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. ज्या डोंगरपट्ट्यातून ही कुटुंबे उतरतात तो पट्टा धावपटूंचा आहे, हे त्याचे पहिले उत्तर. २०१९ साली दोहा येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविणारा मुरली गावित हा डांग जिल्ह्याचा. त्याने ते अंतर २८ मिनिटे ३८ सेकंदांत कापले. त्याच्या आदल्या वर्षी जकार्ताच्या आशियाई खेळांत चारशे मीटरच्या सांघिक शर्यतीत सुवर्णपदक मिळविणाऱ्या चार भारतीय मुलींपैकी सरिता गायकवाड ही डांगचीच. तिने आरंभी खो-खोचे मैदान गाजविले होते. डांगाला लागूनच नाशिक जिल्ह्याचा आदिवासी पट्टा आहे. तिथल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत रौप्यपदक. चढउताराच्या वाटा, लांबची शाळा आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेले चालणे यांनी या मुलखाला दमसास दिलेला आहे.

दुसरे उत्तर दूरदेशीचे आहे. जगातील काही अत्यंत नामांकित विद्यापीठे दरसाल अशाच दमसासाच्या मुलामुलींच्या शोधात असतात. अभ्यासात हुशार आणि पाच-दहा किलोमीटर वेगाने धावणारा विद्यार्थी आढळला, तर त्याचे नाव ती आपण होऊन टिपून ठेवतात. मग सह्याद्रीच्या या उतारावरचा विद्यार्थी त्यांच्या वहीत का चढत नाही? या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि त्याचे एक टोक बारडोलीच्या शेजारीच सापडते.

बारडोलीपासून नवसारी काही फार दूर नाही. नवसारी हे जमशेटजी टाटांचे जन्मगाव. त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी १८७७ साली केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षांनी ते मुंबईस परतले आणि सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली पदवीधर झाले. केंब्रिजमध्ये त्यांनी अभ्यासाबरोबर मैदानही पाहिले. इंग्लंडच्या त्या दोन जुन्या विद्यापीठांत धावण्याच्या शर्यतीला विद्येच्या खालोखाल मान होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली मैदानी लढत १८६४ साली झाली होती. शरीर कमावणे हा शिक्षणाचाच भाग आहे, ही समजूत दोराबजींनी तेथून बरोबर आणली.

पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या मैदानावर दोराबजींनी जे पाहिले ते त्यांना चकित करणारे होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. त्यांच्या पायांत जोडे नव्हते, पोटात सकस अन्न नव्हते आणि युरोपातील नियमांची किंवा तयारीची त्यांना गंधवार्ताही नव्हती. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनाही दोराबजींनी ते दृश्य दाखविले. त्यातूनच १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याची कल्पना मूळ धरू लागली, आणि खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. फिनलंडचा हानेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. नियमबद्ध शिक्षणाची कोणतीही परंपरा पाठीशी नसताना जगातील निवडक धावपटूंत एकोणिसावा क्रमांक मिळविणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. डेक्कन जिमखाना आणि फर्ग्युसन कॉलेज यांच्यामध्ये पायी जाण्याइतकेच अंतर आहे. पुण्याच्या मैदानावरून अनवाणी मुलासाठी अँटवर्पपर्यंतचा समुद्रमार्ग खुला झाला. पण पलीकडच्या कॉलेजात त्याच गुणावर शिरण्याची वाट त्या काळच्या शिक्षणव्यवस्थेने आखलेलीच नव्हती. मॅट्रिकची परीक्षा हे एकच दार होते, आणि शेतावर राबणाऱ्या मुलाला त्या दारापर्यंत पोचविणारी शाळाच बहुधा गावात नसे. कॉलेजातला खेळाडू आणि शेतातला धावपटू हे दोघे दोराबजींच्या ओळखीचे होते. पण त्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून देणारी व्यवस्था कोठेच नव्हती.

विलायतेत ती गाठ निराळ्या रीतीने पडत होती. १९०२ साली सेसिल ऱ्होड्स मरण पावला. ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीसाठी त्याने आपल्या मृत्युपत्रात पैसा ठेवला होता, आणि उमेदवार निव्वळ पुस्तकी असू नये, मैदानी खेळांतही त्याला गती असावी, अशी अट घातली होती. न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक याच शिष्यवृत्तीवर १९३१ साली ऑक्सफर्डला गेला, वैद्यकाच्या मार्गाला लागला आणि १९३६ साली बर्लिनला पंधराशे मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकून आला. ही शिष्यवृत्ती हिंदुस्थानासाठी १९४७ साली सुरू झाली, आणि स्त्रियांना ती खुली व्हायला १९७७ साल उजाडावे लागले. दार होते, ते कोणासाठी किती उघडायचे हे मात्र काळ ठरवीत होता.

रॉजर बॅनिस्टरची कथा याहून वेगळी. १९४६ साली तो ऑक्सफर्डला गेला तो अभ्यासाच्या बळावर. खिळ्यांचे बूट त्याने तिथेच पहिल्यांदा पायांत घातले. १९४७ च्या केंब्रिजविरुद्धच्या लढतीत त्याला तिसऱ्या क्रमांकाचा गडी म्हणून घेतले होते, आणि तोच पहिला आला. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्याच इफ्ली रोड मैदानावर त्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावून चार मिनिटांची सीमा मोडली. विद्यार्थी आधी आत आला आणि मैदानाने त्याच्यातला धावपटू नंतर हुडकला, असा तो क्रम होता.

अमेरिकेत हा क्रम उलटला. तिथल्या कॉलेजांनी प्रवेशाआधीच धावपटू हेरण्याची रीत पाडली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ जुन्या विद्यापीठांनी १९५४ साली करार करून खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असे ठरविले. आर्थिक साहाय्य द्यायचे ते घरची परिस्थिती पाहूनच. परंतु प्रवेशाच्या वेळी खेळाडूच्या पारड्यात वजन टाकण्याची सोय त्यांनी राखली. कॉलेजचा प्रशिक्षक देशभरच्या शाळांच्या शर्यतींचे निकाल पाहतो. मुलाने मैल किंवा दोन मैल किती वेळात कापले, वर्षागणिक त्याची वेळ किती सुधारली, त्याचे गुणपत्रक कसे आहे, हे सर्व तो टिपतो. मुलेही स्वतः पत्र लिहून आपल्या वेळा त्याला कळवितात. मग प्रशिक्षक आपल्या पसंतीची यादी प्रवेश-समितीकडे धाडतो. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीसारख्या संस्थेत प्रशिक्षकाच्या शिफारशीला तुलनेने कमी वजन आहे. तिथे खेळाडूलाही इतरांच्याच कसोटीवर उतरावे लागते.

या रीतीचे दोषही लपून राहिले नाहीत. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयात २०१८ साली खटला चालला. प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के उमेदवारांना प्रवेश मिळतो, हे त्यात उघड झाले. इतर अर्जदारांच्या बाबतीत हेच प्रमाण शंभरात दहाही भरत नव्हते. या सवलतीचा लाभ वल्हवणे, तलवारबाजी, शिडाच्या होड्या अशा खर्चिक खेळांतील सधन घरच्या मुलांना सहज मिळतो, ही तक्रार जुनीच आहे. २०१९ साली तर काही श्रीमंत पालकांनी पैसे चारून आपली मुले खेळाडू असल्याची खोटी कागदपत्रे उभी केल्याचे उघडकीस आले आणि कित्येकांना तुरुंगाची वाट धरावी लागली. दूर पल्ल्याच्या धावण्यात असा बनाव टिकणे अवघड. तिथे होडी लागत नाही, घोडा लागत नाही. लागते ती वेळ, आणि ती घड्याळाने मोजलेली असते. गरिबाच्या मुलाला विद्येच्या दारापर्यंत नेणारा खेळ कोणता असेल, तर तो हाच.

तो तसा होऊ शकतो हे केनियाने दाखविले. तिथल्या धावपटूंना अमेरिकन विद्यापीठे फार पूर्वीपासून नेत असत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या हेन्री रोनो याने १९७८ साली ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले होते. परंतु त्या काळी मागणी होती ती पायांना. २००४ साली माइक बोइट हे माजी ऑलिंपिकपटू आणि जॉन मॅनर्स हे अमेरिकन पत्रकार यांनी निराळी वाट काढली. त्यांनी रिफ्ट खोऱ्यातील शालान्त परीक्षेत वर आलेली गरीब मुले निवडली, त्यांना पंधराशे मीटर धावावयास लावून वेळा घेतल्या, आणि इतेन गावी एकत्र ठेवून अमेरिकेतील प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतली. यांतली मुले हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांत जाऊन पोचली. गंमत अशी की, पुढे पुढे पुष्कळांना प्रवेश मिळाला तो त्यांच्या अभ्यासाच्या जोरावर. धावणे हे निमित्त ठरले. त्या निमित्ताने कोणीतरी त्यांच्याकडे पाहिले, हे महत्त्वाचे.

हे इतेन गाव त्याआधीच नावारूपाला आले होते, आणि त्यामागे एक शाळामास्तर होता. कोम ओ'कॉनेल हे आयर्लंडचे धर्मबंधू १९७६ साली तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकविण्यासाठी आले. धावण्याच्या शास्त्राचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. मुलांना धावताना पाहत, वेळा टिपत, चुकत-सुधारत ते शिकत गेले. २०१२ साली लंडनमध्ये आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून जागतिक विक्रम करणारा डेव्हिड रुडिशा हा त्यांचाच शिष्य. डोंगर तिथे हजारो वर्षे होता, धावणारी मुलेही होती. त्यांच्या पायांची नोंद ठेवणारा माणूस मात्र नंतर आला.

आपल्याकडे ही नोंद कोणी ठेवली? प्रामुख्याने पलटणीने आणि रेल्वेने. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. तिथेच त्याच्यातला धावपटू घडला. २०२३ साली हांगझू येथे भरलेल्या आशियाई खेळांत त्याने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांना रेल्वेने आधार दिला. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्या याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. या संस्थांचे ऋण मोठे आहे. त्यांनी नोकरी दिली, आहार दिला, प्रशिक्षक दिला. तथापि धावण्याच्या गुणाचे पारितोषिक नोकरी हेच, अशी एक समजूत त्यातून रुजली. याच पायांच्या बळावर मुलगा अभियंता किंवा वैद्य होण्याच्या वाटेला लागू शकेल, हा विचार घरोघर पोचला नाही.

त्या दिशेने काही पावले पडली आहेत, हेही नमूद करावयास हवे. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली कविता राऊत तयार झाल्या, आणि त्यांच्यामागून मुलींची एक पिढीच मैदानावर आली. नाशिकच्याच संजीवनी जाधव हिने २०१७ साली तैपेई येथे भरलेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले. ती स्पर्धा विद्यार्थ्यांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पदकाचा खरा अर्थ कळतो. २०२४ साली मद्रासच्या आयआयटीने प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा निर्माण केल्या आणि त्यांपैकी एक मुलींसाठी राखली. मात्र संयुक्त प्रवेशपरीक्षेच्या गुणवत्ता यादीत उमेदवाराचे नाव असलेच पाहिजे, ही अट कायम ठेवली. आधी अभ्यासाची कसोटी, मग मैदानाचा मान, असा हा तोल आहे. तो योग्यच म्हणावा लागेल. परंतु त्यामुळेच प्रश्न पुन्हा शाळेकडे येतो, आणि शाळेकडून बारडोलीच्या फडाकडे.

ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. शाळेचे दुसरे सत्र नेमके त्याच काळातले. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या शालेय शर्यती बहुधा हिवाळ्यात भरतात. वार्षिक परीक्षा हंगाम संपता संपता येते. म्हणजे ज्या महिन्यांत मैदानावर घड्याळ चालू असते आणि वर्गात उजळणी चालू असते, त्याच महिन्यांत डांगातला किंवा नंदुरबारचा मुलगा उसाच्या पाचटात धाकट्या भावंडाला सांभाळत असतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडतात. शर्यतीच्या यादीत तर त्याचे नावच नसते. ना प्रवेशपरीक्षा त्याला ओळखते, ना कोणत्या विद्यापीठाचा प्रशिक्षक. तो शर्यतीत हरलेला नसतो. शर्यत भरली त्या दिवशी तो दुसऱ्या तालुक्यात असतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. आईबाप तोडणीला गेले तरी मूल गावात राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना महाराष्ट्रात राबविण्यात आली आहे. जिथे ती मनापासून चालते तिथे मुले टिकतात. आश्रमशाळांचाही या पट्ट्यात दांडगा इतिहास आहे. बारडोलीच्या शेजारी वेडछी येथे जुगतराम दवे यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, आणि हेच जुगतराम १९२८ च्या लढ्यात बारडोलीची पत्रिका गावोगाव पोचविण्याच्या कामी होते. वसतिगृह असले म्हणजे मूल शाळेत राहते. मूल शाळेत राहिले म्हणजे हिवाळ्यातली शर्यत त्याला चुकत नाही आणि उन्हाळ्यातली परीक्षाही. एका छपराने दोन्ही गोष्टी साधतात.

त्या छपराखाली आणखी एक वस्तू असावी लागते, ती म्हणजे थांबते घड्याळ. त्याला फार पैसे पडत नाहीत. शाळेच्या मैदानाला किती फेऱ्या मारल्या म्हणजे तीन किलोमीटर होतात हे एकदा फीत लावून मोजावे, दर महिन्याला मुलामुलींच्या वेळा घ्याव्यात आणि त्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवाव्यात. इतके केले तरी पुष्कळ झाले. अमेरिकेतील प्रशिक्षक हेच पाहतो, इतेनमध्ये हेच घडले, आणि पुण्याच्या मैदानावर दोराबजींनीही अनवाणी मुलांच्या वेळा युरोपातील वेळांशी ताडून पाहिल्या तेव्हाच त्यांची खरी किंमत जगाला कळली. वेळ लिहिलेली नसेल, तर वेग कितीही असो, तो वाऱ्यावर जातो.

शंभर वर्षांपूर्वी एका उदार गृहस्थाची नजर योगायोगाने त्या मैदानाकडे वळली म्हणून फडेप्पा चौगुले अँटवर्पला पोचले. असा योगायोग प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही, आणि शिक्षणासारखी गोष्ट योगायोगावर सोडूनही चालत नाही. बारडोलीने १९२८ साली साऱ्या देशाला हिशेब मागण्यास शिकविले. जमिनीवर सारा किती असावा याचा तो हिशेब होता. त्या जमिनीवरचा ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांची दर वर्षी किती महिन्यांची शाळा बुडते आणि किती शर्यती त्यांच्यावाचून पार पडतात, हा हिशेब अजून मांडावयाचा आहे. तो मांडण्यास हजेरीपट आणि घड्याळ पुरेसे आहे. आणि ते दोन्ही ज्याच्या हाती असते, त्याला गाव मास्तर म्हणते.